पखवाज वाडीत, पेटी कपाटात
सिंधुदुर्गातल्या शाळा आणि समूहाने गायचं-वाजवायचं शास्त्रीय संगीत

गणपतीच्या दिवसांत कुडाळ-मालवणकडच्या वाड्यांमधून रात्री भजनं चालू असतात. पखवाजावर नववीतला मुलगा बसलेला असतो, झांज त्याच्या चुलतभावाच्या हातात, पेटीवर कॉलेजात जाणारा दादा. एका घरी रूपाचा अभंग, गजर, गवळण झाली की उसळ-पाव खाऊन मंडळी पुढच्या घरी. पहाटेपर्यंत हे चालतं आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. याच मुलाच्या शाळेचं स्नेहसंमेलन डिसेंबरात असतं. ईशस्तवन आणि स्वागतगीत होतं, त्यासाठी कपाटातली पेटी बाहेर काढलेली असते. मग पेनड्राइव्ह लावतात आणि पुढचे तीन तास गाणं स्पीकरचं, नाच मुलांचा. पखवाजवाला मुलगा मागे खुर्च्या लावत असतो.

शाळेतल्या मुलांनी एकत्र बसून जुनं किंवा शास्त्रीय संगीत सादर करावं का, ते जमतं का आणि अडतं कुठे, या प्रश्नाचा आढावा सिंधुदुर्गापुरता घ्यायचा तर या दोन दृश्यांमधल्या अंतरापासूनच सुरुवात करावी लागते. ‘इथल्या मुलांना शास्त्रीय संगीताचा गंध नाही’ असं शाळांच्या बैठकांत सर्रास म्हटलं जातं. ते मला मान्य नाही. गंध आहे आणि भरपूर आहे. पण तो शाळेच्या वेळापत्रकात कुठे बसवायचा हे कुणी ठरवलेलं नाही.

आधी भजनी मेळ्याकडे जरा नीट बघू, कारण शाळेतल्या वाद्यवृंदाबद्दल बोलताना तो मोजलाच जात नाही. बुवा पेटीवर. बाजूला पखवाज, अलीकडे जोडीला तबलाही. झांज, चकी आणि मागे पाच-सात जणांचा कोरस. बुवा ओळ टाकतो, कोरस ती उचलतो. ती कुठून उचलायची, कितव्या मात्रेवर सोडायची, गजरात लय चढली की किती चढू द्यायची, हे सगळं नजरेवर आणि मानेच्या हालचालीवर ठरतं. तिहाई घेऊन पखवाजवाला समेवर आला की झांजही तिथेच थांबली पाहिजे, अर्धी मात्रा उशीर झाला तरी हसं होतं. चौदा वर्षांच्या मुलाला हे जमतं तेव्हा त्याने समूहवादनाचं निम्मं व्याकरण आत्मसात केलेलं असतं. डबलबारी, म्हणजे दोन बुवांमधला भजनाचा सामना, ऐकत वाढलेल्या मुलाला भूप, मालकंस, भैरवी ही नावंही अनोळखी नसतात. ‘ही चाल मालकंसातली’ असं तो सहज सांगतो, फक्त मालकंसात कोणते दोन स्वर वर्ज्य आहेत ते त्याला सांगता येत नाही.

या शिक्षणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. भजनाची पट्टी उंच असते आणि रात्रभर ताणून गाण्याने बुवांचे आवाज बसतात. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो. नेमक्या त्याच वयात कोरसात घसा खरवडून गायची सवय लागली तर नुकसान कायमचं होऊ शकतं. डबलबारीत अलीकडे कोट्या आणि टोमणे यांनाच टाळ्या जास्त पडतात. अभंगाला सिनेमाची चाल लावणं तर आता इतकं रुळलंय की मूळ चाल विचारली तर पोरांना ती ठाऊक नसते. म्हणजे ऐकणं, लय धरणं, एकमेकांना सांभाळणं हे वाडीत मिळतं. स्वरज्ञान, आवाजाची निगा, लिहिलेलं वाचून गाणं हे मिळत नाही. ते शाळेने द्यायचं काम होतं.

शाळेने काय दिलं? शाळेने परीक्षा दिली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते संगीत राजवाड्यातून आणि कोठीतून बाहेर काढून मध्यमवर्गीय घरापर्यंत आणण्यासाठी. त्याआधी १८८६ मध्ये सयाजीरावांच्या बडोद्यात मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली होती आणि मौलाबक्षांनी स्वरलिपीतली पुस्तकंही काढली होती. भातखंड्यांनी ग्वाल्हेरला १९१८ मध्ये आणि लखनौला १९२६ मध्ये अशीच विद्यालयं उभी केली. १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्या महाराष्ट्रातल्या गावोगावी पोहोचल्या. सावंतवाडी, कणकवली, मालवणला खाजगी वर्गांतून मुलं या परीक्षांना बसतात ती याच वाटेने.

ही कामगिरी मोठी आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण या परीक्षेत परीक्षकासमोर मूल एकटं बसतं. राग भूप, छोटा ख्याल, चार आलाप, चार ताना, तोंडी प्रश्न, पुढचा विद्यार्थी. शेजारच्या मुलाचं ऐकून आपला सूर त्यात मिसळायचा, ही गोष्ट विशारदापर्यंत कुठेही तपासली जात नाही. दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळायला लागल्यापासून वर्गांत गर्दी वाढली हे खरं. त्यातली बरीच मुलं अकरावीत गेली की तंबोऱ्याचं अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकतात, हेही खरं.

मुलांचा शास्त्रीय वाद्यवृंद आपल्याकडे होऊ शकत नाही, आपलं संगीत मुळात एकट्याचं आहे, असा एक आक्षेप असतो. त्याला मैहरचं उत्तर पुरेसं आहे. १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगात अनाथ झालेल्या मुलांना गोळा करून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी मैहर संस्थानात वाद्यवृंद उभा केला. वाद्यं कमी पडली तेव्हा बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग बनवला. ती मुलं राग वाजवत होती, एकत्र वाजवत होती आणि त्यांतल्या कुणाच्याही घराण्यात गाणं नव्हतं. रोज तालीम होती, शिकवणारा पूर्णवेळ होता आणि खर्च संस्थानचा होता. या तीन गोष्टी जिथे जुळल्या तिथे मुलांचा वृंद उभा राहिला, जिथे एक जरी सुटली तिथे स्वागतगीतावर भागवावं लागलं. जुन्या संगीताच्या बाबतीत युरोपातही वेगळं घडलं नाही. विस्मरणात गेलेली सरळ बासरी, जिला तिकडे रेकॉर्डर म्हणतात, आर्नल्ड डॉल्मेच यांनी इंग्लंडमध्ये पुन्हा घडवली. १९३० च्या दशकात ती शाळांत शिरली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बेकेलाइटची स्वस्त बासरी निघाल्यावर घराघरांत गेली. स्वस्त वाद्य आणि शिकवायला तयार मास्तर, एवढ्यावर तीन-चारशे वर्षांपूर्वीचं संगीत पोरांच्या हातात आलं.

पण एवढं लांब जायची गरज नाही. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. पोर्तुगीज अमलात तिथे चर्चला जोडून शाळा निघाल्या आणि त्यांत लिहिण्या-वाचण्याबरोबर गायन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. त्यामागचा हेतू धर्मप्रसाराचा होता, संगीतावरच्या प्रेमाचा नव्हता, हे विसरू नये. पण हेतू काहीही असो, गावच्या मुलाला सूर वाचता येऊ लागला. १६६३ मध्ये जुन्या गोव्यात आलेल्या एका इटालियन कार्मेलाइट पाद्र्याने बॉम जेझू चर्चमध्ये कारिस्सिमी या समकालीन रोमन संगीतकाराची रचना सात गायकवृंदांकडून ऐकली आणि आपण रोममध्येच आहोत असं वाटल्याचं लिहून ठेवलं. ज्या काळात शिवाजी महाराज शाहिस्तेखानाच्या लाल महालात शिरत होते, त्याच वर्षीची ही गोष्ट.

या शाळांचं फळ पुढे मुंबईने खाल्लं. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात स्वरलिपी वाचून वाजवणारे जे गोवेकर वादक आणि संयोजक होते, ते याच पठडीतले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायनमास्तराचे चिरंजीव. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य पद्धतीच्या मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर केल्या. तो प्रयोग फार टिकला नाही. पण गावातल्या शाळेत लहानपणी सूर वाचायला शिकलेली माणसं तयार होती, म्हणून तो सुचू तरी शकला.

गोव्याकडून घेण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे आणि ती आजची आहे. तिथली कला अकादमी मनोहरबुवा शिरगावकरांच्या स्मरणार्थ दरवर्षी राज्यभर भजन स्पर्धा घेते आणि तिच्यात पुरुष आणि महिलांबरोबर बालगट असतो. सरकारी कला संस्थेने मुलांच्या भजनी मेळ्याला संगीत म्हणून परीक्षकांसमोर उभं केलं, एवढ्यानेही फरक पडतो. गावातला बुवा मुलांना बसवायला लागतो, पालक पखवाज विकत घेतात, सिनेमाची चाल लावली तर गुण जातील म्हणून जुनी चाल शोधली जाते. पत्रादेवीच्या सीमेअलीकडे आपल्याकडे भजन स्पर्धा उदंड होतात, पण त्या मंडळांच्या आणि पुढाऱ्यांच्या. शिक्षण खात्याच्या हिशेबी भजन हा देवळाचा विषय आहे.

आता सिंधुदुर्गाच्याच माणसाकडे येतो. वसंत देसाई १९१२ मध्ये कुडाळजवळच्या सोनवड्यात जन्मले, तेव्हा ते सावंतवाडी संस्थान होतं. दशावताराच्या आणि कीर्तनाच्या मुलखात वाढलेला हा मुलगा प्रभात फिल्म कंपनीत गेला आणि पुढे ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’, ‘गूँज उठी शहनाई’ या चित्रपटांचा संगीतकार झाला. २३ ऑक्टोबर १९६६ रोजी एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात कांचीच्या शंकराचार्यांची संस्कृत मैत्रीप्रार्थना गायली, तिची चालही देसाईंची. पण या लेखासाठी त्यांचं दुसरं काम महत्त्वाचं आहे. शाळकरी मुलांच्या समूहगानाचं त्यांना वेड होतं आणि शेकड्यांनी, हजारांनी मुलं एका सुरात गाऊ शकतात हे त्यांनी मैदानांवर करून दाखवलं. २२ डिसेंबर १९७५ रोजी लिफ्टच्या अपघातात ते गेले आणि त्या कामामागचा जोर ओसरला.

तरी त्यांचं संगीत शाळेतून गेलेलं नाही. ‘गुड्डी’मधली शाळेची प्रार्थना आजही जिल्ह्यातल्या अनेक शाळांच्या परिपाठात म्हटली जाते आणि ती केदारात आहे. ‘दो आँखें बारह हाथ’मधली प्रार्थना भैरवीत आहे. म्हणजे मालवणचा किंवा वेंगुर्ल्याचा मुलगा सकाळी पावणेअकराला रांगेत उभा राहून, दोनशे जणांबरोबर, केदार गातो. त्याला ते कुणी सांगत नाही, इतकंच. दोन्ही मध्यम त्या चालीत कसे येतात हे दाखवायला एक पेटी आणि दहा मिनिटं पुरतात. परिपाठाची प्रार्थना हा महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत रोज भरणारा समूहगानाचा वर्ग आहे. तो आपण ‘सावधान-विश्राम’मध्ये घालवतो, आणि कोण पुढे उभं राहून सुरुवात करणार ते आवाजाच्या जोरावर ठरवतो. सुरावर ठरवत नाही.

शिकवणार कोण, इथे गाडं खरं अडतं. आपल्या माध्यमिक शाळांत कलाशिक्षक म्हटलं की चित्रकलेचे सर. त्याला कारण आहे: चित्रकलेला कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचा जुना आधार आहे, म्हणून पद आहे, म्हणून माणूस आहे. संगीताला शासनाची अशी परीक्षा नाही, त्यामुळे बहुतेक शाळांत पदही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे, पण पट शंभरावर असेल तर. सिंधुदुर्गात हीच मेख आहे. माणसं मुंबईला गेली, वाडीवस्तीच्या शाळांचा पट आटला. शंभराची अट पुरी करणाऱ्या शाळा तालुक्याच्या गावात, आणि पखवाज वाजवणारी मुलं वाडीत. याला सरळ अपवाद सांगेलीचं जवाहर नवोदय विद्यालय. नवोदय योजनेत संगीतशिक्षकाचं पद मंजूर असतं आणि मुलं निवासी असल्यामुळे संध्याकाळची तालीम होऊ शकते. मैहरच्या तिन्ही गोष्टी तिथे कागदावर तरी जुळतात.

मग लहान पटाच्या शाळेने काय करायचं? पंचवीस-तीस जणांचा वाद्यवृंद विसरायचा. आठ-दहा जणांचा मेळा हा या मातीत आधीच घडलेला आकार आहे आणि कमी पटाच्या शाळेला तोच परवडतो. शाळेने गावच्या बुवांना आठवड्यातून एक तास बोलवावं, मानधन द्यावं, आणि संगीताची मध्यमा झालेल्या एखाद्या शिक्षिकेने त्याला स्वरज्ञानाची जोड द्यावी. बुवांकडे बीएड नाही, हा आक्षेप लगेच येईल. मैहरच्या खाँसाहेबांकडेही नव्हतं.

गायचं काय, हा प्रश्न त्याहून नाजूक. किनाऱ्यावरच्या शाळांत हिंदू मुलांबरोबर ख्रिस्ती आणि मुसलमान मुलं बसतात. अनुदानित शाळेत फक्त अभंग-गवळण असं ठरवलं तर काही घरं बाजूला होतील, आणि त्यांचं बरोबर असेल. पण शास्त्रीय संगीताकडे यासाठी तयार माल आहे. सरगमगीतात शब्दच नसतात. लक्षणगीत रागाचीच माहिती सांगतं, त्यामुळे गाता गाता अभ्यास होतो. तराण्याला देव नाही आणि लय आहे, मुलांना तो फार आवडतो. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत हे सगळं स्वरलिपीसह छापलेलं पडून आहे. दशावतारातून मुलांच्या कानावर पडलेली नाट्यपदंही आहेत. दशावताराच्या रंगमंचावर पेटी आणि पखवाजाच्या साथीने नट जी पदं गातो, त्यांत नाट्यसंगीताचा मोठा वाटा असतो, आणि जत्रेत पहाटेपर्यंत जागलेली मुलं ती तोंडपाठ म्हणतात.

माझा स्वतःचा आग्रह ध्रुपदाचा आहे आणि तो काहींना आचरट वाटेल. आपल्या गायनप्रकारांत जे आज टिकून आहेत त्यांतला ध्रुपद जुना. त्याला साथ लागते पखवाजाची, आणि शहरांत पखवाजवादक शोधावा लागतो. सिंधुदुर्गात तो वाडीवाडीत आहे. भजनी ठेक्यावर हात बसलेल्या मुलाला चौतालाच्या १२ मात्रा आणि धमाराच्या १४ मात्रा शिकायला नवं वाद्य घ्यावं लागत नाही, की डाव्या पुडीला कणीक कशी लावायची हे सांगावं लागत नाही. ध्रुपदाची बंदिश तानांच्या कसरतीवर चालत नाही, ती ठाय लयीत, मग दुगुन-चौगुनीत सरळ म्हटली जाते. त्यामुळे ती गटाने म्हणता येते, ख्याल म्हणता येत नाही. जिथे वाद्य आहे, हात आहे आणि गटाने गायची सवय आहे, तिथे गाणं मात्र दुसरंच चालतं. हा योगायोग कुणीतरी मोडून बघायला हवा. कणकवलीला कुमार गंधर्वांचे तबलासाथीदार वसंतराव आचरेकर यांच्या नावाचं प्रतिष्ठान आहे आणि शास्त्रीय संगीताच्या मैफली तिथे होतात. अशा व्यासपीठावर शाळकरी मुलांचं अर्ध्या तासाचं ध्रुपद ऐकायला मला आवडेल.

अडचणी बारीकसारीकही आहेत आणि त्यांनीच बरेच प्रयत्न मरतात. मालवणची हवा खारी आणि दमट. जूनमध्ये तबल्याची पुडी सैल पडते, गट्टे ठोकूनही सूर टिकत नाही. पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, सुरांवर हिरवा थर चढतो, भात्याची घडी सुटते. शाळेची पेटी कुलपात बंद ठेवणं म्हणजे ती मारणंच. रोज वाजणारी पेटी टिकते. (आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दार बंद ठेवलं होतं. ती जगली ती भजनात, कीर्तनात आणि शाळांत, हे तिच्या टीकाकारांनी लक्षात ठेवावं.) दुसरी अडचण पट्टीची. मुलींना काळी चार सोयीची, आवाज फुटलेल्या मुलांना काळी एक. एकीचा षड्ज तो दुसऱ्याचा पंचम. शाळा मग मधली पट्टी धरते आणि दोघांचेही हाल होतात. मोठ्या मैफलीत पंडित जसराजांनी ‘जसरंगी’ जुगलबंदीत याच अडचणीतून वाट काढली, गायक आणि गायिका आपापल्या पट्टीत गातील अशी रचना केली. शाळेत एवढ्या खोलात जायला नको. एक कडवं मुलींचं, एक मुलांचं, ध्रुवपद सप्तकाच्या फरकाने दोघांचं, एवढी वाटणी पुरते.

मुलींचा विषय निघालाच आहे तर तो पुरता बोलावा. भजन ही आजवर मुख्यतः पुरुषांची बैठक. महिला भजनी मंडळं गावोगावी निघाली, काही स्त्रिया बुवा म्हणून डबलबारीलाही बसतात, पण पखवाजावर मुलगी क्वचित. दशावतारात तर स्त्रीपात्रंही पुरुषच करत आले. त्याच वेळी गांधर्वच्या परीक्षांना बसणाऱ्यांत मुली भरपूर दिसतात. म्हणजे स्वरज्ञान मुलींकडे आणि समूहात वाजवायचा सराव मुलांकडे, अशी वाटणी होऊन बसली आहे. दोघंही एका वर्गात, एका बाकावर बसतात. भजनाच्या रात्री मुलगी घरी असते आणि पेटीच्या क्लासला मुलगा जात नाही, म्हणून त्यांची गाठ पडते ती फक्त शाळेत. एका तासिकेला पखवाज शाळेत आणायची परवानगी मुख्याध्यापकांनी दिली, तर पहिल्या दिवशी मुलगा तिला ठेका दाखवेल आणि ती त्याला मालकंसातले दोन वर्ज्य स्वर सांगेल.